पांढऱ्या मातीचा ओटा

माणसाच्या संस्कृतीचा सगळा इतिहास म्हणजे पायाखालची जमीन हलू नये म्हणून चाललेली एक प्रदीर्घ धडपड आहे. देवळं घ्या, किल्ले घ्या, धरणं घ्या. वरचा थाट जगाला दिसतो, पण खरी करामत खाली, कोणी बघत नाही तिथं गाडलेली असते. एप्रिलातल्या एका सकाळी अहमदपुरातल्या आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत उभा राहून, हातातली काठी आभाळाकडे रोखून, मी हे मोठ्यानं म्हणालो. श्रोत्यांत एक मांजर होतं. खिडकीतून सिंधूचा आवाज आला, "अहो, तुमचं झालं की मोटार बंद करा. टाकी भरून वाहायलीय."

मी मोटार बंद केली.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या पोरांना मी जन्मभर माती शिकवली. कुठली माती किती दाबली म्हणजे किती वजन पेलते, हे फळ्यावर सिद्ध करण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. प्रत्यक्षात मी कधी चूलसुद्धा मांडली नव्हती. निवृत्तीनंतर अहमदपूरला, नांदेड रस्त्याच्या अंगाला पडलेल्या नव्या प्लॉटिंगमध्ये आम्ही घर घेतलं. घर दुसऱ्यानं बांधलेलं होतं, त्यामुळे ते उभं होतं. मागची जागा मात्र होती तशी काळी राहिली.

आमच्याकडची काळी माती म्हणजे निवडून आलेला माणूस. पाणी मिळालं की फुगते, ऊन तापलं की तडकते, आणि तिच्या भरवशावर जो उभा राहील त्याला तोंडघशी पाडते. माघात सिंधू दोरीवरचे कपडे काढायला मागं गेली, भेगेत पाय अडकला आणि पडली. गुडघा गेला. नांदेडला ऑपरेशन झालं. उजव्या हाताची करंगळीही मोडली होती, पण गुडघ्यापुढे तिचं दुखणं सिंधूनं कोणाला सांगितलंच नाही. ती करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी जुळली आणि तशीच राहिली.

तेव्हापासून सिंधू वॉकर धरून पलंगापासून न्हाणीपर्यंत जायची आणि परत यायची. उंबऱ्याबाहेर पाय टाकत नव्हती.

शेजारच्या महामायाबाई सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. त्या रोज येऊन तिचा गुडघा वाकवून घ्यायच्या आणि जाताना मला दम द्यायच्या. "सर, घरात चालून काही होत नाही. बाहेर, मोकळ्यात, सपाट जागेवर चालायला पाहिजे. पावसाळ्याच्या आत चालल्या तर चालल्या. नाहीतर गुडघा गंजलेल्या बिजागरीसारखा धरून बसंल, मग मला बोलू नका."

"मी भीत न्हाई चालायला," सिंधू म्हणाली. "पण जमिनीनं एकदा दगा दिला की मन बसत न्हाई हो बाई. खाली काय हाय ते कळाया पाहिजे."

"खाली काय आहे ते मी ठरवीन," मी म्हणालो. "हलणार नाही असा ओटा करून देतो. माझा शब्द."

पुण्याहून आमची आरती फोनवर म्हणाली, "बाबा, पॅटिओ करा ना, मस्त खुर्च्या टाकू." तिनं फोटो पाठवले. फोटोत एक गोरं जोडपं फरशीवर बसून सरबत पीत होतं. त्यांच्या पायाखाली काय भरलं होतं ते फोटोत नव्हतं.

गुरुबसप्पा हा उदगीरकडचा माणूस. गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि कानाला फोन, दोन्ही कायमचे. बांधकामातलं सगळं त्याला येत होतं, म्हणजे सगळ्यांचे नंबर त्याच्याकडे होते. त्याच्या गड्यांनी जागा गुडघाभर खोदली, काळी माती काढून कुंपणाकडेला टाकली. खाली तशीच काळी लागली, दगडासारखी घट्ट. मी स्वतः खड्ड्यात उतरून काठीनं ठोकून बघितली. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे त्याची गरज पडेल.

आता या खड्ड्यात न फुगणारा मुरूम थराथरानं भरायचा, पाणी मारायचं, धुम्मस, म्हणजे दांड्याचा लोखंडी ठोकळा, घेऊन चोपायचं. मग खडी, मग सिमेंटचा कोबा, मग शहाबादी फरशी. पुस्तकात एवढंच आहे.

"सर, मुरूम बंद हाय," गुरुबसप्पा म्हणाला. "तहसीलवाले टिप्पर धरून राहिलेत. पण तुम्ही काळजी करू नका. तुमच्यासाठी माल बघून ठेवलोय. मुरमाचा बाप."

मुरमाला बाप असतो हे मला शिकवताना कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाप टिप्परमधून आला. राखेसारखी फिकट, हातात घेतली तर पिठासारखी मऊ. तिच्यात खापराचे तुकडे होते, बांगडीच्या हिरव्या काचा होत्या, आणि आगीनं काळा पडलेला मातीचा एक गोलसर कोपरा होता, चुलीचा असावा तसा.

"ही तर पांढरी," मी म्हणालो. आमच्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गाव ज्या मातीवर वसतं तिला पांढरी. पूर्वी माळवदाच्या घरांवर, म्हणजे सपाट मातीच्या छपरांवर, हीच माती हातभर जाड घालत. पाणी आत येऊ देत नाही.

"हाव सर. उठलेल्या गावाची हाय. कंधारकडं पडूनच हाय, कुणी इचारत न्हाई."

मी थोडी माती काचेच्या नळीत पाण्यात घालून रात्रभर ठेवली. सकाळी बघितलं, तर कणभर फुगली नव्हती. स्वभावानंच निवृत्त माती. मी पास केली.

पहिला थर पसरून गड्यांनी पाणी मारलं. ओल्या मातीचा वास घरभर गेला. वॉकरचा खडखडाट झाला आणि सिंधू खिडकीत आली. गजांना धरून ती बराच वेळ नुसती वास घेत उभी राहिली.

"चिंचणदऱ्याची हाय," ती म्हणाली.

चिंचणदरा हे तिचं माहेर. तलाव होणार म्हणून पूर्वी ते गाव सरकारनं उठवून सडकेला नेलं. तलाव मात्र अजून आलेला नाही. लोकांनी दारं काढून नेली, सागवानी तुळया नेल्या, माती तेवढी मागं राहिली.

"सिंधू, ओल्या मातीचा वास जिवाणूंमुळे येतो," मी म्हणालो. "जिवाणू सगळीकडे सारखेच."

"असतील. पण आमच्याकडचे मला वळखतेत."

मी गुरुबसप्पाला विचारलं, माती नेमकी कुठली. तो फोनवर हात ठेवून म्हणाला, "चिंचणदरा म्हणतेत बघा त्याला. का सर, कमी पडायलीय का?"

कमी पडली नाही. खड्डा भरला. चोपणी सुरू झाली आणि तिथं मला पहिल्यांदा खटकलं. चांगली दबलेली माती धुम्मस खाली आला की ठप्प बोलते आणि गप्प बसते. ही ठप्प बोलायची, आणि मग किंचित उशिरानं खालून आणखी एक आवाज यायचा. कोणी माळवदावर चालत असावं आणि आपण घरात बसलेले असावं, तेव्हा येतो तसा. गडी थांबून एकमेकांकडे बघायला लागले.

"थर एकमेकांना धरत नाहीत," मी जाहीर केलं. "पाणी मारा. अजून चोपा."

अजून चोपलं. लेव्हलच्या नळीत दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं. आंब्याच्या सावलीत खुर्ची टाकून मी माझी ती सपाट, करडी, हातानं पुसल्यासारखी जमीन बघत बसलो. एका निवृत्त माणसाला याहून जास्त काय हवं.

सकाळी मधोमध एक खळगा पडलेला होता. थाळीएवढा, बरोबर गोल.

उंदीर, गुरुबसप्पा म्हणाला. वाळवी, मी म्हणालो. आम्ही तो भरला आणि चोपला. सकाळी तो परत होता, आणि आता खळगा नव्हता, भोक होतं. त्याच्या कडा हातानं लिंपाव्यात तशा गुळगुळीत होत्या. आम्ही त्यात खडी टाकली. खडी दुसऱ्या दिवशी नव्हती. वर नव्हती, आजूबाजूला नव्हती, कुठंच नव्हती. मग विटांचे तुकडे टाकले. विटाही गेल्या. गुरुबसप्पा म्हणाला, "अय्यो, कसला उंदीर हाय सर, बंगला बांधून राहिला का काय खाली?" आणि हसला. मग मी हसत नाही हे बघून त्यानं कोणाला तरी फोन लावला.

तो गेल्यावर मी भोकात काठी घातली. माझी काठी छातीला लागते. खड्डा खोदला होता गुडघाभर, आणि त्याखाली दगडासारखी काळी, जी मी स्वतः ठोकून बघितली होती. काठी मुठीपर्यंत आत गेली आणि कशालाच टेकली नाही.

बाहेर काढली, तर तिचं टोक कोमट होतं.

मे लागला. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला मागं बसलं की धुराचा वास यायचा. काड्या आणि गोवऱ्या पेटवल्याचा, आणि त्यात भाकरी भाजल्याचा. अहमदपुरात अजूनही कोणी ना कोणी चुलीवर स्वयंपाक करत असणार, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. फक्त तो धूर माझ्या ओट्यातून निघत होता. बारीक, सरळ, उदबत्तीसारखा. मांजर त्या भोकाशेजारी पोट शेकत झोपायचं.

मी सिंधूला काही बोललो नव्हतो. पण एका सकाळी पाठीमागं वॉकरचा आवाज आला. माघानंतर ती पहिल्यांदा उंबरा ओलांडून आली होती. ओट्याच्या कडेला थांबली, चपला काढल्या आणि माझ्या पायांकडे बघितलं.

"तुम्हीपण काढा."

"का?"

"माळवदावर चपला घालून चढत नसतेत."

मग तिनं वॉकर कडेला ठेवला. मी धरायला पुढे झालो, तर तिनं हातानं मला मागं सारलं. पाऊल उचललं, मातीवर ठेवलं, आवाज न करता, आधी टाच मग चवडा. दुसरं उचललं. अशी ती त्या भोकापर्यंत गेली. कुंपणापलीकडे महामायाबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातून चादर खाली पडली. "ताई! बाई गं! चालल्या की!"

सिंधूनं ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला," ती म्हणाली, आणि पायाकडे दाखवलं. "हे साणं हाय."

माळवदाच्या घराला खिडक्या जवळपास नसायच्या. उजेड आत यावा आणि धूर बाहेर जावा म्हणून छपरात एक गोल भोक ठेवत, तेच साणं. पावसात त्यावर मडकं पालथं घालत. हे मला माहीत होतं. पण छपराचं भोक छपरात असतं, जमिनीत नसतं, एवढंही मला माहीत होतं.

"इथं खाली आईची चूल," सिंधू सांगत होती. "साण्याच्या उजेडात आम्ही जेवायला बसायचो. वर पोरं पळाली की आई खालून वरडायची, 'कोण हाय रे वर? माती पडालीय ताटात!' आन ताटावर दुसरं ताट पालथं घालायची. सडकंला पत्र्याच्या घरात गेली तर तिथं वर चालायला कोण असतंय? म्हणायची, 'सिंधे, वर कुणाचा पाय वाजत न्हाई गं. लई सुनं वाटतंय.' त्यातच गेली."

मी ऐकून घेतलं. माझ्याकडे स्पष्टीकरण नव्हतं, आणि माझी बायको चालत होती. निवृत्त माणसानं दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागू नयेत.

त्यानंतर ती रोज चालायला लागली. सकाळी आणि उन्हं कलल्यावर. कसं चालायचं ते ठरलेलं होतं. एका कोपऱ्याला वळसा घालायची, "तिथं पाळणा हाय." दुसऱ्या बाजूला जरा जास्त रेंगाळायची. मीठ-जिरं घालून सांडगे केले, ते तिथंच वाळत घातले, जसे माळवदावर घालतात. संध्याकाळी काढताना सांडगे कमी भरायचे. मी चिमण्यांना दोष दिला. चिमण्यांनी खुलासा केला नाही.

महामायाबाई खूश होत्या. "सर, तुमच्या ओट्यानं कमाल केली. पंधरवड्यात वॉकर सुटतो बघा."

सुटला. आणि त्याच सुमाराला सिंधूचं ताटावर बसणं कमी झालं.

"वाढू का?" मी विचारायचो.

"माझं झालंय."

"कधी झालं?"

"मघाशीच की."

मी स्वयंपाकघरात बघायचो. भांडी कोरडी. पण सिंधू वाळत नव्हती. उलट महामायाबाईंच्या काट्यावर वजन वाढलं होतं, गालावर तेज आलं होतं. तिच्या पदराला धुराचा वास असायचा. एका दुपारी ती हसली तेव्हा दातात अंबाडीच्या भाजीचं पान दिसलं. अंबाडी आमच्या घरात आली नव्हती. मे महिन्यात ती बाजारातही नसते.

खरं सांगायचं तर मला भुताची भीती वाटली नाही. त्या विषयावर मी आयुष्यभर विनोद केले आहेत आणि आता मत बदलणं शोभलं नसतं. मला भीती होती ती वेगळी. सिंधू रोज थोडी थोडी माहेरी जात होती. बोलता बोलता मध्येच थांबायची आणि खाली कान द्यायची. मी हाक मारली तर वळून बघायला तिला वेळ लागायचा, आणि तो वेळ वाढत होता. आणि माहेरी गेलेली बायको परत आणायला जावं लागतं, अशी आपली रीत आहे. मीही पूर्वी गेलो आहे, कंधारपर्यंत एसटीनं आणि पुढे पायी. या वेळी कुठल्या एसटीनं जायचं, हे मला माहीत नव्हतं.

मी ठरवलं, साणं बुजवायचं. वरून कोबा, त्यावर फरशी. कारणही तयार होतं: रोहिण्या जवळ आल्या, एकदा पाणी आत शिरलं की सगळा पाया बसणार, आणि ती पुन्हा पडणार. हे कारण खोटं नव्हतं. चांगली कारणं खोटी नसतातच.

नांदेडला गुडघा दाखवायचा दिवस आला. महामायाबाई म्हणाल्या, मी नेते ताईंना, तुम्ही बसा घरी आरामात. गाडी निघताना सिंधूनं काचेतून मागं बघितलं. माझ्याकडे नाही, घराच्या वरून, पाठीमागं.

गाडी वळल्यावर मी गुरुबसप्पाला फोन केला. तो मिक्सर, खडी, सिमेंट आणि चार माणसं घेऊन हजर झाला. "शरणु सर. आज उंदराचा निकाल लावतो."

ऊन माथ्यावर आलं होतं. मिक्सर फाटकाशी घरघरत होता. भोकाच्या तोंडावर आडव्या सळ्या टाकायच्या, आणि त्यासाठी भोवतालची माती आधी पक्की चोपून घ्यायची, असं मी सांगितलं. गडी धुम्मस उचलेनात. एकाला तंबाखू आठवली, एकाला पाणी. शेवटी मीच उचलला.

धुम्मस जड असतो. मी तो जन्मभर फळ्यावर काढला होता.

ठप्प.

खालून, किंचित उशिरानं, ठप्प.

मी पुन्हा मारला. पुन्हा. साण्याच्या कडेची माती सुटली आणि आत पडली. तिचा पडल्याचा आवाज लगेच आला नाही.

मग आला. टण्.

धातूवर खडा पडावा तसा. थाळीवर.

"सर," गुरुबसप्पा म्हणाला. त्याचा हात गळ्यातल्या डबीवर होता. फोन पहिल्यांदाच खिशात होता.

मी धुम्मस खाली ठेवला. हळू ठेवला. गुडघे टेकले, तळहात टेकले, आणि साण्यात बघितलं.

खाली उजेडाचा एक गोल पडला होता. भर दुपारचं ऊन साण्यातून जमिनीवर पडतं, तसा.

ते ऊन माझ्या पाठीवर होतं. मी वाकलो होतो, साणं माझ्या डोक्यानं झाकलं होतं, आणि तरीही तो गोल तिथं होता. स्वच्छ, कुठंही सावली नसलेला.

गोलात शेणानं सारवलेली जमीन होती. जमिनीवर एक पितळी ताट. ताटात अर्धी भाकरी, हिरवी भाजी, आणि भाजीवर मी पाडलेली पांढरी माती.

शेजारी दुसरं ताट होतं. त्यातही माती होती.

बाजूच्या अंधारातून एक हात आला. त्यात एक रिकामं ताट होतं. त्यानं ते जेवणाच्या ताटावर पालथं घातलं, सवयीनं, न घाबरता, आणि वर दोन बोटं वाजवली. मग तो हात तसाच ताटावर राहिला.

उजवा हात होता. करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी होती.

जगात वाकड्या करंगळ्या पुष्कळ असतील.

मी उठलो. गुडघ्याची माती झटकणार होतो, पण झटकली नाही. "गुरुबसप्पा," मी म्हणालो, "कोबा नको."

"पण माल तयार हाय की सर."

"फाटकापुढच्या उतारावर ओता."

"आन हे भोक?"

"ते निचऱ्यासाठी ठेवलंय. पुस्तकात आहे."

गुरुबसप्पानं साण्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं, आणि "बरं बरं" म्हणाला. माल वाया गेला नाही. फाटकापुढचा उतार अत्युत्तम झाला. आजतागायत त्याला तडा नाही. मी घरातून एक मडकं आणलं आणि अनवाणी जाऊन साण्याशेजारी ठेवलं, पाऊस आलाच तर हाताशी असावं म्हणून.

मग मी खुर्चीवर बसून वाट बघत राहिलो. खाली काही वाजलं नाही. धूर आला नाही. मांजरही आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, मी माती शिकवायला नको होती. इतिहास, भूगोल, काहीही चाललं असतं.

उन्हं उतरल्यावर गाडी आली. आधी महामायाबाई उतरल्या, बोलतच.

"सर, डॉक्टर म्हणाले गुडघा एकदम फर्स्ट क्लास! काठीसुद्धा नको म्हणाले. पण काय सांगू तुम्हाला, त्या दवाखान्याची गंमत. एवढी नवी बिल्डिंग, एसी, पांढरंशुभ्र छत. आम्ही नंबर लावून बसलो, मी दुपारी डबा उघडला, ताईंना म्हटलं खाऊन घ्या. तर यांनी डोळे मिटले आणि डब्याच्या झाकणावर हात ठेवून बसल्या, जणू कोणी हिसकून घेतंय. आणि वरून माती पडली! खरंच सांगते. छताला भेग नाही, काही नाही, आणि यांच्या डोक्यावर माती. मी नर्सला बोलावून दाखवली. ती म्हणाली, मॅडम, ही इथली नाही."

सिंधू गाडीतून उतरली. काठी नाही, वॉकर नाही. उतारावरचा कोबा अजून ओला होता. तो चुकवून ती कडेकडेनं आली. मी तिच्याकडे बघत होतो, ती कुणीकडे वळते ते. घराकडे, की मागं.

ती माझ्याजवळ आली. तिच्या भांगात, कुंकवाच्या वर, पिठासारखी फिकट माती बसली होती. चपला काढून तिनं हातात घेतल्या, मागं ओट्याकडे एक नजर टाकली, मडकं बघितलं, आणि माझ्या शर्टाच्या बाहीवरची तसलीच माती बोटानं पुसली. बोटाला भाकरीचं वाळलेलं पीठ होतं.

आता ती काय बोलेल, याची मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती.

"अहो," ती म्हणाली, "वर ठोकायचं असलं की आधी एक हाक मारत जा. ताटं झाकून घेतो आम्ही."